वेगाला मिळालेली जागा

भिलाईला प्रथमच येणारा पाहुणा कारखान्याच्या आधी इथल्या रस्त्यांची स्तुती करतो. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच काळात कारखान्याला लागून एक नवे नगर उभे राहिले. जुन्या गावांत माणसे आधी वसतात आणि रस्ते मागाहून घराघरांतून वाट काढतात. येथे रस्ते आधी आखले गेले आणि माणसे नंतर आली. त्यामुळे सेक्टरांमधले रस्ते रुंद आहेत, सरळ आहेत आणि त्यांच्या दुतर्फा झाडे आहेत. माझे वडील गोंदियाकडून नोकरीसाठी येथे आले ते अशा रस्त्यांवरून सायकलने कामावर जाऊ लागले. पुढे मीही त्याच रस्त्यांनी गेलो आणि दुरुस्ती विभागात फिटर म्हणून बत्तीस वर्षे काम केले.

सरळ रस्त्यात एक मोह दडलेला असतो. पुढे मोकळी वाट आणि हाताखाली यंत्र, एवढे असले की तरुण माणसाच्या मनगटाला आपोआप पीळ पडतो. माझा धाकटा मामेभाऊ १९९० च्या दशकात अशाच एका रस्त्यावर पडला. हिवाळ्यातली रात्र होती. दोन मोटारसायकली होत्या आणि पैज होती ती केवळ दोन कप चहाची. रस्त्याच्या मधोमध बसलेली गाय त्यांना अगदी जवळ गेल्यावर दिसली. मित्र जागीच गेला. मामेभावाचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता.

मामा म्हणत, पोराला माज आला होता. मला ते कधीच पटले नाही. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा तो मुलगा होता. एखादे यंत्र अधिकात अधिक किती देऊ शकते, हे जाणून घेण्याची त्याला ओढ होती, आणि ती ओढ पुरी करण्यासाठी त्याच्यापाशी गाई, सायकली आणि शाळेतून परतणारी मुले यांचाच रस्ता होता. मृताच्या आईसमोर असे काही बोलणे शक्य नव्हते. मी ते मनातच ठेवले. पण वेगाची ही ओढ आजवर माणसांनी कोठे ठेवली, तिच्यासाठी जागा प्रथम कोणी बांधली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला.

आमच्या वाडवडिलांनी तो आपल्या परीने सोडवला होता. विदर्भात बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये राज्यांनी केलेले सुधारित कायदे वैध ठरवले. बैलांच्या हालांचा वाद खरा आहे आणि मी तो येथे उकरत नाही. मला सांगायचे आहे ते पटाच्या जागेविषयी. वडील सांगत, की पट कधीही गावाच्या गल्लीत होत नसे. गावाबाहेर, पिके निघालेल्या शिवारात सरळ पट्टा आखला जाई, दगडधोंडे वेचले जात, आणि माणसे दोन्ही बाजूंना उभी राहत. धुरकऱ्याला ठाऊक असे, की आपल्या वाटेत कोणी आडवे येणार नाही.

मोटार आली तेव्हा तिच्यासाठी असे शिवार कोणी राखून ठेवले नव्हते. युरोपातल्या पहिल्या शर्यती गावागावांतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवर झाल्या. मे १९०३ मध्ये पॅरिसहून माद्रिदकडे शर्यत निघाली. रस्त्यावर धुळीचे लोट होते आणि कडेला बेफाम गर्दी होती. चालक मेले, प्रेक्षकही मेले. प्रसिद्ध मोटार कारखानदार घराण्यातला मार्सेल रेनॉ हा त्यांतलाच एक. अखेर बोर्दो येथे शर्यत थांबवावी लागली. आपल्याकडेही १९०४ च्या अखेरीस दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी झाली. तिच्यात वेगापेक्षा टिकाऊपणाची परीक्षा होती, पण वाट मात्र सर्वांचीच होती.

इंग्लंडची तऱ्हा निराळी. तेथे १८९६ पर्यंत असा कायदा होता, की रस्त्यावर यांत्रिक गाडी न्यायची तर तिच्यापुढे एक माणूस पायी चालला पाहिजे. पुढे १९०३ च्या कायद्याने वेगाची मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर ठरवली. लोकांच्या जिवासाठी हा कायदा होता आणि त्यात गैर काही नव्हते. परंतु ज्या कारखान्याला आपली मोटार दिवसभर पूर्ण वेगाने पळवून तिचे कोणते अंग आधी खचते हे पाहायचे असेल, त्याने काय करावे? ज्याने यंत्रे दुरुस्त केली आहेत, त्याला या प्रश्नाचे वजन कळेल. बोल्ट कोठे सैल होतो, पट्टी कोठे तडकते, हे यंत्र उभे असताना समजत नाही.

ह्यू लॉक किंग नावाचा एक धनवान जमीनदार १९०५ मध्ये इटलीतील ब्रेशा येथे मोटारींची शर्यत पाहायला गेला. तेथे एकही इंग्रज मोटार धावत नव्हती. याचे कारण विचारता त्याला सांगण्यात आले, की इंग्रज कारखानदारांना वेग आजमावायला जागाच नाही. लंडनच्या नैर्ऋत्येस, सरे परगण्यातील वेब्रिज गावाजवळ या गृहस्थाची मोठी जमीन होती. त्याने ती या कामाला द्यायचे ठरवले. त्या जागेचे नाव ब्रुकलँड्स. मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेले जगातले पहिले सर्किट ते हेच. सर्किट म्हणजे आपल्याशीच येऊन मिळणारी बंद वाट. तिच्यावरून कितीही धावले तरी कोणाच्या गावातून जावे लागत नाही.

१९०६ च्या उत्तरार्धात काम सुरू झाले आणि १७ जून १९०७ रोजी मार्ग खुला झाला. हा वेग आजही थक्क करणारा आहे. लांबी सुमारे साडेचार किलोमीटर आणि रुंदी १०० फूट. कर्नल होल्डन या तोफखान्यातील अधिकाऱ्याने आखणी केली. दीड हजारांहून अधिक मजुरांनी झाडे तोडली, माती हलवली, वे नदीवर पूल बांधले आणि काँक्रीट ओतले. इतिहासात लॉक किंग आणि होल्डन यांची नावे येतात, मजुरांची येत नाहीत. भिलाईत राहणाऱ्याला याचे आश्चर्य वाटत नाही.

या मार्गाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्याची वळणे. आगगाडीच्या वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवतात, हे रुळांच्या गावातल्या माणसाला सांगावे लागत नाही. वळताना गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते आणि तो उंचवटा तिला सावरतो. ब्रुकलँड्सला हेच तत्त्व भव्य प्रमाणावर वापरले होते. वळणावर रस्ता बाहेरच्या बाजूने चढत चढत जवळजवळ ३० फुटांपर्यंत जाई. मडईत ‘मौत का कुआँ’ नावाचा खेळ असतो, त्यात मोटारसायकलवाला लाकडी भिंतीवरून गरगर फिरतो. त्या विहिरीचा मोठा आणि सौम्य भाऊ म्हणजे ही वळणे. अशा चढावर डांबर टिकवणे तेव्हाच्या साधनांनी अवघड, म्हणून काँक्रीट निवडले. पण खालची भर हळूहळू बसत गेली आणि पृष्ठभागावर खड्डे-उंचवटे आले. दर हिवाळ्यात दुरुस्ती चाले. शर्यतींच्या जुन्या छायाचित्रांत मोटारीची चारही चाके जमिनीपासून सुटलेली दिसतात, त्याला या उंचवट्यांचाही हातभार होता.

खर्च मात्र वाढतच गेला. तो दीड लाख पौंडांवर पोहोचला, आणि त्या काळी ही प्रचंड रक्कम होती. लॉक किंगची प्रकृती ढासळली. तेव्हा त्याची पत्नी एथेल हिने कारभार हाती घेतला आणि माहेरच्यांच्या मदतीने काम तडीस नेले. उद्घाटनाच्या दिवशी निघालेल्या मोटारींच्या मिरवणुकीत ती स्वतः मोटार चालवत होती. श्रीमंताचा छंद म्हणून या साऱ्याकडे पाहता येईल, आणि मीही काही काळ तसेच पाहिले. परंतु छंदापायी माणसे सहसा आपल्या अंगणाचा नाश करून घेत नाहीत. या दांपत्याच्या घराशेजारचे शेत आणि रान कायमचे गेले.

६ जुलै १९०७ रोजी पहिल्या शर्यती झाल्या. नव्या खेळाला नियम कोठून आणणार? संयोजकांनी ते घोड्यांच्या शर्यतीतून उसने घेतले. मोटारींना क्रमांक नव्हते. घोडेस्वारांप्रमाणे चालकांनीच रंगीत अंगरखे घातले होते. मोटारी उभ्या करण्याच्या जागेला ‘पॅडॉक’, म्हणजे घोडे बांधण्याचे आवार म्हणत. तो शब्द जगभरच्या शर्यतींत आजही टिकून आहे. अंगरखे मात्र टिकले नाहीत. धुळीत आणि वेगात रंग ओळखू येईनात, म्हणून मोटारींवर आकडे आले.

त्याआधीच, जूनच्या अखेरीस सेल्विन एज याने एक अचाट प्रयोग केला होता. चोवीस तास एकट्यानेच नेपियर मोटार चालवून त्याने १,५८१ मैल, म्हणजे सुमारे २,५४४ किलोमीटर अंतर कापले. रात्री मार्गाची कड दिसावी म्हणून शेकडो लाल कंदील लावले होते. आपण हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे: काळोखी रात्र, कंदिलांचे लाल कडे, आणि त्यात फिरणारा इंजिनाचा अखंड गडगडाट. शेजाऱ्यांनीही ते चित्र पाहिले, किंबहुना रात्रभर ऐकले. पुढे त्यांनी आवाजाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. वेगासाठी वेगळी जागा काढली तरी ती जागा कोणाच्या तरी शेजारीच असते. शर्यतींवर बंधने आली, आणि १९२० च्या दशकात तर विशिष्ट आकाराचा सायलेन्सर लावल्याशिवाय मोटारीला मार्गावर येता येईना.

वेगाचे आकडे मी फार देणार नाही. तरीही एक नाव सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १५ फेब्रुवारी १९१३ रोजी पर्सी लँबर्ट या चालकाने टॅलबॉट मोटारीतून एका तासात १०३ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे १६७ किलोमीटर अंतर तोडले. एका तासात शंभर मैल पुरे करणारा तो जगातला पहिला माणूस. तो विक्रम काही महिन्यांत दुसऱ्याने मोडला. लँबर्ट पुन्हा मार्गावर उतरला. हा शेवटचा प्रयत्न, मग शर्यत सोडीन, असे त्याने आपल्या वाग्दत्त वधूला वचन दिले होते, असे सांगतात. ३१ ऑक्टोबर १९१३ रोजी मागच्या चाकाचा टायर फुटला आणि तो ठार झाला. रस्त्यावरून वेग उचलून बंद मार्गावर ठेवला म्हणजे मृत्यू टळतो असे नाही. फरक एवढाच, की त्या दिवशी लँबर्टच्या वाटेत दुसरे कोणी नव्हते.

स्त्रियांच्या बाबतीत ही जागा उघडायला वेळ लागला. डोरोथी लेविट हिने १९०६ मध्ये ताशी १४५ किलोमीटरहून अधिक वेग गाठला होता, तरी १९०७ मध्ये तिला येथे शर्यतीत उतरू दिले नाही. १९०८ च्या जुलैत स्त्रियांची एक शर्यत झाली आणि ती म्यूरिएल थॉम्पसन हिने जिंकली. त्यानंतर पुन्हा बरीच वर्षे दार बंद. ते उघडल्यावर आत आलेल्यांपैकी बिअट्रिस शिलिंग ही मला विशेष जवळची वाटते. ती खाटकाची मुलगी. शाळा संपल्यावर तिने विजेच्या जोडणीचे काम शिकत तीन वर्षे काढली, आणि मग विद्यापीठात जाऊन अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९३४ मध्ये तिने ब्रुकलँड्सवर मोटारसायकलने ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी पुरी केली आणि मानाचा सुवर्णतारा मिळवला. आपल्या भावी पतीनेही तो तारा मिळवल्याखेरीज लग्न करणार नाही, अशी तिची अट होती म्हणतात. खरे असो वा नसो, तिला ते शोभते.

ब्रुकलँड्सच्या मधल्या मोकळ्या जागेत विमानेही फार लवकर आली. ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ‘हरिकेन’ या लढाऊ विमानाने पहिले उड्डाण येथूनच केले. पुढे युद्धात या विमानांची एक खोड उघडी पडली. वैमानिकाने नाक खाली करून एकदम सूर मारला, की इंजिनात इंधनाचा घोटाळा होई आणि इंजिन क्षणभर बंद पडे. शिलिंग तेव्हा सरकारी विमान संशोधन संस्थेत होती. तिने १९४१ मध्ये इंधनाच्या वाटेत बसवायची छिद्र असलेली धातूची एक लहानशी चकती काढली. आमच्या दुकानात जिला ‘वायसर’ म्हणतात, तिचीच ही बहीण. इंजिन विमानातून न उतरवता ती बसवता येई. शर्यतीच्या मार्गावर इंजिनाशी झोंबलेल्या हातांनीच ही युक्ती काढली, याचे मला नवल वाटत नाही.

पण ज्या विमानांना या जागेने थारा दिला, त्यांनीच ती घेतली. ७ ऑगस्ट १९३९ ची शर्यत शेवटची ठरली. सप्टेंबरमध्ये युद्ध पेटले आणि सारा परिसर विमाननिर्मितीसाठी ताब्यात गेला. मार्गावर छपऱ्या उभ्या राहिल्या. शत्रूला वरून पांढरे काँक्रीट दिसू नये म्हणून त्यावर झाडे लावण्यात आली. ४ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांनी तेथील कारखान्यावर बाँब टाकले आणि ऐंशीहून अधिक कामगार मेले. लँबर्टचे नाव शर्यतींच्या इतिहासात राहिले. या कामगारांना वेगाशी काहीच देणेघेणे नव्हते, ते आपल्या पाळीवर आले होते. युद्धानंतर, १९४६ मध्ये, ती जमीन विमान कंपनीलाच विकली गेली. धावपट्टीसाठी कललेल्या वळणाचा काही भाग तोडण्यात आला. उरलेल्या भागांजवळ १९९१ मध्ये संग्रहालय सुरू झाले.

आणि मग उलटा फेरा आला. युद्ध संपल्यावर ठिकठिकाणी लष्करी धावपट्ट्या ओस पडल्या. मोटारवाल्यांना वाटले, काँक्रीट तयार आहे, गाव दूर आहे, आणखी काय हवे? इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या विमानतळावर १९४८ मध्ये शर्यत झाली आणि १९५० मध्ये जागतिक अजिंक्यपद मालिकेतील पहिली शर्यत तेथेच भरली. आपल्याकडे मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथे युद्धकाळातली अशीच एक धावपट्टी होती. १९५० च्या दशकापासून मद्रासच्या मोटार क्लबने तेथे शर्यती भरवल्या. संस्थानिकांच्या मोटारींपासून घरच्या कार्यशाळेत जोडलेल्या गाड्यांपर्यंत सारे तेथे धावले, आणि लोक बसगाड्या भरभरून पाहायला जात. पुढे क्लबने चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःचा कायमचा मार्ग बांधला. तो १९९० मध्ये सुरू झाला. देशात शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला पक्का मार्ग यायला ब्रुकलँड्सनंतर ८० हून अधिक वर्षे गेली. शोलावरमविषयी वाचताना मला भिलाईजवळची नंदिनीची धावपट्टी आठवत राहिली.

मामेभाऊ आज सुपेल्यात गॅरेज चालवतो. कृत्रिम पायावर उभा राहून तो दिवसभर काम करतो. संध्याकाळी मोटारसायकली घेऊन येणाऱ्या मुलांना तो उपदेश करत नाही. तो काम करताना पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ठेवतो, एवढेच. काही वर्षांपूर्वी तो दोन शिकाऊ मुलांना घेऊन रेल्वेने चेन्नईला गेला आणि इरुंगाट्टुकोट्टैची शर्यत पाहून आला. परतल्यावर मुले कोण जिंकले, कोणती गाडी कशी वळली, हे हातवारे करून सांगत होती. तो ऐकत बसला होता. मुले गेल्यावर मी त्याला विचारले, “तू काय पाहिलेस?”

तो म्हणाला, “दादा, गाड्या सुटायच्या आधीच तिथे रुग्णवाहिका उभी होती. डॉक्टर आत बसला होता. वळणावळणावर माणसे निशाण घेऊन उभी. मी अर्धा वेळ तिकडेच पाहत होतो.”